आधी वस्तू, मग गोष्ट

सकाळी ८. दक्षिण जर्मनीतल्या या लिलावघरात माझं काम महायुद्धातल्या जर्मन वस्तूंची खोकी उघडण्याचं. प्रत्येक खोक्यात एक पत्र असतं: आजोबा, पोटमाळा, रशियाची आघाडी. मी पत्र न वाचताच फायलीत टाकते. एकदा वाचलं की डोळे पत्राची वकिली करायला लागतात.

८.३०. दुसऱ्या श्रेणीचा आयर्न क्रॉस, जर्मन लष्करी पदक. खरा क्रॉस तीन भागांचा: मधे काळा लोखंडी गाभा, त्यावर पुढून-मागून डाख देऊन बसवलेली रुपेरी चौकट. आज आलेल्याला लोहचुंबक चिकटत नाही. तेवढ्यावरून मी काही नापास करत नाही, कारण काही अस्सल क्रॉसचे गाभे पितळेचेही असतात. पण भिंगाखाली सगळं उघडं पडतं. कडेचे बारीक मणी सुटे दिसायला हवेत. हे ओल्या साखरेसारखे एकमेकांत विरघळलेत, आणि मधे बुडबुड्यांचे खड्डे. अख्खा क्रॉस एकाच साच्यात ओतून वरून काळा रंग फासलाय.

१०. हेल्मेट. पोलाद अस्सल, गरुडाचा शिक्का मात्र कालपरवाचा. रंगावरचा जुना ओरखडा शिक्क्यापर्यंत येतो आणि सरळ त्याच्याखाली शिरतो. साधं हेल्मेट स्वस्त, गरुडवालं महाग. म्हणून हा उद्योग.

११.३०. अंधारी खोली, अतिनील दिवा. कापडी बिल्ल्याचा धागा निळापांढरा चमकला, तर त्यात शुभ्रता आणणारं रसायन आहे, आणि ते सर्रास वापरात आलं युद्धानंतर. अर्थात घरच्या साबणात धुतलेला अस्सल बिल्लाही चमकतो, म्हणून मी टाक्याच्या आतल्या बाजूचा धागा बघते. १९८३ साली ‘स्टर्न’ साप्ताहिकाने नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजून घेतलेल्या हिटलरच्या डायऱ्या अशाच खोट्या ठरल्या: कागदात हेच रसायन, बांधणीत पॉलिएस्टर. त्या लिहिणारा कोनराड कुयाऊ आधीपासून नकली नाझी वस्तूच विकत होता.

२. जेवणानंतर कागदपत्रं. १९४२च्या लष्करी पुस्तिकेत बॉलपेनची नोंद. पुढचं वाचायची गरज नाही.

३.३०. साताऱ्याहून फोन. “ताई, आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. जर्मनाच्या छातीवरून काढलाय हा क्रॉस. फोटो पाठवलाय.”

मराठे इटलीत लढले हे खरंच. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. पण फोटोत स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं. पश्चिम जर्मनीने १९५७च्या कायद्याने जुनी पदकं स्वस्तिकाशिवाय वापरायला परवानगी दिली, त्या वेळचा हा नमुना.

“दादा, क्रॉस नकली नाही. पण हा युद्ध संपल्यावर बारा वर्षांनी निघाला.”

“म्हणजे आजोबांनी थापा मारल्या?”

“तसं नाही म्हणत मी. ते इटलीत होते की नाही हे त्यांच्या लष्करी कागदांत मिळेल. क्रॉस पेटीत मागाहून आलाय एवढंच. घरात कुणी जुन्या बाजारात फिरायचं का?”

“काका,” तो म्हणाला. “मुंबईला असायचे. चोरबाजारातून काय काय आणायचे.”

५. उद्याच्या कॅटलॉगचे फोटो. पदकांवरची स्वस्तिकं एकेक करून झाकायची. जर्मन कायदा ती उघड मिरवू देत नाही. आज एकोणीस झाकली. साताऱ्याचा क्रॉस विकायला आलाच, तर त्याला झाकणी लागणार नाही आणि भावही बेताचाच येईल. तसं त्यांना कळवून टाकलं.