सुसाट ट्रक थांबतो कसा?

दिवाळीत सगळे एकत्र जमले की फराळाच्या ताटाइतकेच मोबाईलही हातोहाती फिरतात. यंदा भाच्याने एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला एक ट्रक, मागे तीन जेट इंजिने, ज्वाळांचा लोळ आणि डोळ्यांची पापणी लवेपर्यंत ट्रक नजरेआड. सगळी मुले वेगाबद्दल बोलत होती. आठवीतली भाची मात्र म्हणाली, "मामा, पळतो ते दिसलं. पण हा थांबतो कसा?"

तिचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. ड्रॅग रेसिंगमध्ये बक्षीस वेगाला मिळते, पण चालकाचा जीव वाचतो तो थांबण्याच्या तयारीमुळे. म्हणून हा लेख तिच्या प्रश्नावर.

सरळ पट्टी आणि जड गाडी

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवरची शर्यत. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, फेरी नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचे. या खेळात हलक्या, लांबुळक्या गाड्या असतात, डिझेल पिकअप ट्रक असतात, मालवाहू ट्रकचे तोंड घेऊन बनवलेली अजस्र वाहने असतात आणि प्रदर्शनासाठी जेट इंजिनाचे ट्रकही असतात. व्हिडिओतला 'शॉकवेव्ह' हा पीटरबिल्ट ट्रक अशांपैकीच. त्याच्या संघाने सांगितलेला विक्रम ताशी ३७६ मैलांचा, म्हणजे सुमारे ६०५ किलोमीटरचा आहे.

आता शाळेतले एक सूत्र आठवा. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. समजा ५ टनांचा ट्रक ताशी ३२० किलोमीटर वेगाने पट्टीच्या शेवटाशी आला. शहरात ताशी ५० ने जाणाऱ्या त्याच ट्रकपेक्षा त्याच्यात सुमारे ४१ पट ऊर्जा असते. ही ऊर्जा जवळजवळ २ कोटी ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत साधारण ६३ लिटर साधे पाणी उकळीला येईल. आजोळचा तांब्याचा बंब आठवत असेल, तर तसे दोन-तीन बंब. फरक इतकाच की बंबाला तासभर मिळतो, ट्रकला काही सेकंद.

ही सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली तर काय होईल? ब्रेकच्या चकत्यांचे १०० किलो लोखंड धरले तरी त्याचे तापमान ४०० अंशांहून जास्त वाढेल. इतक्या उष्णतेत लायनरची पकड कमी होते, ब्रेक ऑइलला उकळी फुटली तर पॅडल नुसतेच खाली जाते. ड्रायव्हर लोक ज्याला "ब्रेक लागेना" म्हणतात ते हेच. पाय पूर्ण जोराने दाबलेला असतो आणि गाडी मात्र ऐकत नाही.

आधी वारा, मग ब्रेक

म्हणून इतक्या वेगात पहिले काम ब्रेकला देतच नाहीत, वाऱ्याला देतात. ट्रकच्या मागे घडी घालून ठेवलेली हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडतात. आपल्या हवाई दलाची पुण्याच्या लोहगाव तळावरची सुखोई-३० विमाने उतरताना मागे छत्री सोडतात, तोच हा प्रकार. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या प्रमुख संस्थेच्या, एनएचआरएच्या नियमांनुसार ताशी १५० मैल म्हणजे सुमारे २४० किलोमीटर वेग गाठणाऱ्या गाडीला छत्री सक्तीची आहे.

छत्रीचा गुण असा की वेग जितका जास्त, तितकी तिची ओढ जास्त, आणि तीही वर्गाच्या हिशोबाने. ३२० च्या वेगात जी ओढ मिळते, तिचा चौथा भाग १६० ला उरतो आणि ८० ला फक्त सोळावा. म्हणजे छत्री नेमकी तिथे जोरदार असते जिथे ब्रेक अपुरे पडतात. वेग उतरला की ती मागे फडफडत राहते आणि काम ब्रेककडे येते. तोवर ऊर्जा इतकी कमी झालेली असते की ब्रेक न तापता ट्रक थांबवू शकतात.

जड ट्रकची अडचण अशी की त्याला हलक्या गाडीची छत्री पुरत नाही. तीच छत्री दुप्पट वजनाच्या गाडीला लावली तर वेग निम्म्यानेच कमी होतो. म्हणून वजन आणि वेग दोन्ही पाहून छत्रीचा आकार ठरवतात आणि बऱ्याचदा दोन छत्र्या लावतात. एक दगा देऊ शकते, हेही दुसरी लावण्याचे कारण.

ती कुठे बांधायची हेही महत्त्वाचे. मागच्या बंपरला किंवा पत्र्याला नाही, थेट चासीला. आणि उंचीही जमली पाहिजे. दोर ट्रकच्या गुरुत्वमध्याच्या फार वर बांधला तर ओढ बसताच तोंड वर उचलले जाते आणि पुढच्या चाकांचा भार कमी होऊन स्टिअरिंग हलके पडते. फार खाली बांधला तर उलट होते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट डोलू लागते. ट्रक मुळातच उंच असल्यामुळे हा हिशोब चुकला तर तो कारपेक्षा महागात पडतो.

काही सेकंदांचा क्रम

शर्यत संपता संपता चालक काय करतो? स्टिअरिंग सरळ ठेवतो. इंजिनाची ताकद काढून घेतो आणि छत्रीचा दांडा ओढतो. आधी स्प्रिंगवर बसवलेली छोटी छत्री बाहेर उडते, ती मोठीला ओढून काढते. झटका बसतो आणि सगळे अंग पट्ट्यांवर पुढे येते. नामवंत रेसर डॉन गार्लिट्स यांच्या डोळ्यांचा पडदा अशाच वारंवारच्या झटक्यांनी सुटला होता, यावरून जोर समजावा. छत्रीने नीट पकड घेतली की मगच ब्रेकवर पाय, तोही हळूहळू वाढत्या जोराने. एकदम दाबला आणि चाके जाम झाली की टायर घसरतात आणि ट्रक दिशा सोडतो. डिझेल पिकअपमध्ये वजन पुढे, इंजिनावर असते आणि मागचा हौदा रिकामा; त्यामुळे मागची चाके आधी जाम होतात. म्हणून पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी आधीच बसवून घ्यावी लागते.

आणि उशीर? ताशी ३२० म्हणजे सेकंदाला जवळपास ८९ मीटर. दांडा शोधण्यात एक सेकंद गेला तर एका दमात तेवढी पट्टी संपली. म्हणूनच पट्टे आवळून बसल्यावर हात सहज पोचेल अशाच जागी दांडा बसवतात. पुढे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने, म्हणजे बऱ्यापैकी कडक, वेग कमी करत गेले तरी थांबायला सुमारे ८०० मीटर लागतात. धावायला ४०० मीटर आणि थांबायला ८००! व्हिडिओत आपण पहिले ४०० पाहतो आणि बोट पुढे सरकवतो.

धाव संपल्यावर कोणी पाहत नाही असे कामही उरते. छत्री झटकून, दोर आणि शिवण तपासून, ओली असेल तर वाळवून, ठरलेल्या पद्धतीने पुन्हा घडी घालायची. घडी चुकली तर पुढच्या वेळी ती पिशवीतच राहते. नवा ट्रक असेल तर शहाणी माणसे आधी कमी वेगात धाव घेतात आणि छत्री उघडून पाहतात.

शिकलेले धडे

एवढे करूनही कधी कधी साखळी तुटते. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाऊनच्या पट्टीवर स्कॉट कलिटा यांच्या गाडीचे इंजिन शर्यतीच्या शेवटी फुटले. छत्र्यांचे नुकसान झाले, गाडी पट्टीच्या टोकाची वाळूही ओलांडून गेली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच सर्वांत वेगवान दोन गटांची शर्यत ४०२ वरून ३०५ मीटरची केली गेली. ते ९७ मीटर शर्यतीतून काढून थांबण्याला दिले. हौशी प्रेक्षक कुरकुरले, पण नियम टिकला.

'शॉकवेव्ह'चा शेवटही दुःखद आहे. २ जुलै २०२२ रोजी मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या एअर शोमध्ये विमानांबरोबर धावताना त्याला अपघात झाला आणि चालक क्रिस डार्नेल गेले. वय ४०. वडिलांनी यांत्रिक बिघाड हे कारण सांगितले. भाच्याने दाखवलेला व्हिडिओ त्याच ट्रकचा होता. हे सांगितल्यावर खोली थोडा वेळ शांत झाली.

आपल्या घाटात

तुम्ही म्हणाल, आपला या शर्यतींशी काय संबंध? एक हिशोब पाहा. ४० टनांचा भरलेला ट्रक ३०० मीटर खोल घाट उतरतो तेव्हा सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. आपल्या त्या रेसिंग ट्रकच्या सहापट! तो ताशी ३० ने रांगत असतो म्हणून आपल्याला कळत नाही. त्याला छत्रीही नसते. मानपूरहून निमाडात उतरताना, बेळगावहून चोर्ला किंवा आंबोली घाटाने जाताना, पुण्यात कात्रजकडून नवले पुलाच्या उतारावर, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकच्या बातम्या आपण वाचतो त्या याच हिशोबाच्या.

इथे वाऱ्याचे काम इंजिनाला द्यायचे असते. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले की ती पकड गेली, सगळा भार ब्रेकवर. ट्रकच्या एअर ब्रेकवर सारखा पाय मारला तर टाकीतली हवाही उतरते.

आपल्या कारलाही हेच लागू. उतारावर इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर निवडा. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर मोटारीचा रोध कमी मिळतो, हे लक्षात ठेवा. स्कूटरला इंजिनाचा आधार फारसा नसतो, म्हणून सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवा आणि दोन्ही ब्रेक वापरा. जळका वास आला तर बाजूला थांबून निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. आणि उतरणाऱ्या ट्रकच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका. त्याने पुढे सोडलेली मोकळी जागा हीच त्याची छत्री असते.

भाऊबीजेला परतताना भाचाच गाडी चालवत होता. घाट सुरू झाला तसा मागून भाचीचा आवाज आला, "दादा, गिअर कमी कर." त्याने केला.