परक्या गावात रुजताना

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानात नेले होते. सुटकेनंतर इराणमार्गे ती भारतात आली. उपासमार, टायफस आणि हगवणीने वाटेतच अनेकांचे आप्त गेले होते.

थंड मुलखातल्या या स्त्रियांपुढे ऊन, पाऊस आणि डास उभे होते. ज्याला पूर्वी हिवताप झालेला नाही, त्याच्या शरीरात त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नसते. शिवाय ‘व्हायवॅक्स’ जातीचा जंतू यकृतात दडून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. १९४२ मध्ये जावा बेट जपानच्या ताब्यात गेल्याने क्विनीनचाही तुटवडा होता.

पण स्थलांतराचा दुसरा आजार रक्ततपासणीत दिसत नाही. झोप न लागणे, भूक मंदावणे, अंग दुखणे, कशातच मन न रमणे अशा रूपांत तो दिसतो. वळिवड्यात रुग्णालय होते, तशाच पोलिश भाषेतल्या शाळा, चर्च आणि नाट्यगृहही होते. बायका आपली चूल स्वतः सांभाळत, बाजारहाट करत. ही चैन नव्हती. आपली भाषा, हाताला काम, ओळखीची चव आणि दुःख वाटून घेणारी माणसे यांचा मनाला मोठा आधार असतो.

पोलिश कुटुंबे गेली आणि त्याच जागी फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच.

परक्या गावात येणे आजही थांबलेले नाही. बीडकडून ऊसतोडीला आलेली, इचलकरंजीच्या यंत्रमागांसाठी परराज्यातून नवऱ्यासोबत आलेली किंवा लग्न होऊन दूरच्या गावी गेलेली स्त्री याच वाटेने जाते. तिच्यासाठी काही साध्या गोष्टी:

- गरोदर असल्यास माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे. तपासणी आणि बाळाचे लसीकरण कोणत्याही सरकारी केंद्रात मोफत होते. गाव बदलले म्हणून डोस चुकवू नये.
- थंडी वाजून ताप आल्यास रक्त तपासावे आणि हिवतापाची गोळी पूर्ण दिवस घ्यावी.
- उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्यास डॉक्टरांना सांगावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येते.

शेजाऱ्यांचे कामही मोठे आहे. नव्याने आलेल्या बाईला आशाताईंचे घर दाखवावे, दवाखान्यात सोबत जावे, तिच्या मोडक्या मराठीला हसू नये. औषध डॉक्टर देतील. एकटेपणा मात्र शेजारच कमी करू शकतो.