गोळी सुरू झाली आणि पाय थांबेनात

स्किझोफ्रेनियाची औषधं सुरू झाली, भास ओसरले, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. आणि काही दिवसांत रुग्ण येरझाऱ्या घालू लागला. बसवत नाही, उभं राहिलं तरी पाय बदलत राहतो, आतून नुसती तगमग. ‘आजार वाढला’ असंच सगळ्यांना वाटतं. डॉक्टरांनाही तेवढंच सांगितलं, तर डोस वाढू शकतो आणि त्याबरोबर तगमगही. माझ्या मते सगळ्यात जास्त घात इथेच होतो, कारण ही तगमग बऱ्याचदा औषधाची असते. तिला अकॅथिसिया म्हणतात. ती इतकी असह्य होऊ शकते की माणूस औषध सोडतो, कधी जिवावर उदार होतो.

ही औषधं मेंदूतले डोपामिनचे डी-२ रिसेप्टर अडवतात. भास आवरायला साधारण ६५ टक्के रिसेप्टर अडले तरी बहुधा पुरतं. प्रमाण ८०च्या घरात गेलं की हालचाली बिघडण्याचा धोका वाढतो, कारण त्या सांभाळणंही डोपामिनचंच काम. म्हणून डॉक्टर आधी डोस कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, हे पाहतात. अकॅथिसियावर प्रोप्रानोलॉलही देतात, पण दमा असेल तर ते आधी सांगायला हवं.

मान किंवा डोळे अचानक एका बाजूला ओढले जाणं हा प्रकार पहिल्या काही दिवसांतला, तरुणांत जास्त. दिसायला भयंकर, पण इंजेक्शनने सहसा लवकर सुटतो. हात थरथरणं, चाल मंदावणं काही आठवड्यांनी येतं. त्यावर ट्रायहेक्सिफेनिडिल चालतं, मात्र त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, वृद्धांची स्मृती डळमळते.

महिन्यांनी किंवा वर्षांनी जीभ, ओठ, जबडा आपोआप हलू लागले, तर तो टार्डिव्ह डिस्कायनेशिया. त्यात ट्रायहेक्सिफेनिडिलने उलट त्रास वाढू शकतो. टेट्राबेनाझिनसारखी औषधं उपयोगी पडतात, पण ती नैराश्य वाढवू शकतात, म्हणून मनःस्थितीवर लक्ष हवं.

डॉक्टरांकडे जाताना गोळी कधी सुरू झाली, डोस कधी बदलला आणि त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, हे लिहून न्या. मोबाइलवर हालचालींचा छोटा व्हिडिओ काढा; तपासणीच्या खोलीत त्या नेमक्या दिसतीलच असं नाही. गोळी मनाने बंद करू नका, आजार उलटतो. फक्त जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि गोंधळलेपण एकत्र दिसलं, तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठा.