प्रकाश, औषध आणि रेणूंचे घर

फोटोडायनॅमिक थेरपी : प्रकाशसंवेदक औषध, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश आणि पेशीतला ऑक्सिजन. तिन्हींपैकी एक नसेल तर उपचार होत नाही. किरणोपचार वेगळे, तिथे क्ष-किरण वापरतात, इथे साधा दृश्य प्रकाश.

काय घडते : औषध शोषलेली ऊर्जा ऑक्सिजनला देते. त्यातून बनणारा सिंगलेट ऑक्सिजन पेशी मारतो. त्याची धाव मायक्रॉनच्या अंशापुरती.

पहिले औषध : फोटोफ्रिन. मान्यता कॅनडात, १९९३, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी. प्रकाश लाल, ६३० नॅनोमीटर.

अडचण : फोटोफ्रिन ज्या वर्गातले, त्या पोर्फिरिनचे रेणू सपाट असतात. पाण्यात ते पापडांच्या चळतीसारखे एकमेकांवर बसतात. मग ऊर्जा ऑक्सिजनला न मिळता उष्णता होऊन वाया जाते.

सुप्रामॉलिक्युलर तोडगा : सहसंयुज बंध न जोडता, सौम्य आकर्षणाने एका रेणूच्या पोकळीत दुसरा बसवायचा. चळत मोडते, औषध विरघळते.
• सायक्लोडेक्स्ट्रिन : स्टार्चपासून, कड्यात ६, ७ किंवा ८ ग्लुकोज.
• कुकुरबिटुरिल : आकार भोपळ्याचा, नावही त्याच्याच कुळावरून.
• सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राला नोबेल : १९८७, पेडरसन, क्रॅम, लेन.
• ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या दोन्ही पोकळ्यांत रंगद्रव्ये बसवून अभ्यास झाला आहे.

लखनौ : भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, स्थापना १९६५. इथे उलट बाजू तपासतात : कोणती रसायने उन्हात त्वचेला घातक ठरतात.

खबरदारी : फोटोफ्रिननंतर किमान ३० दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात. सनस्क्रीनचा उपयोग होत नाही. ते अतिनील किरण अडवते, दृश्य प्रकाश नाही.