चार चाकं आणि काळं रान

मराठवाड्याच्या काळ्या मातीला दोन स्वभाव आहेत. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून चिकट होते. पाणी शोषून फुगणारे चिकणमातीचे अतिशय बारीक कण तिच्यात भरपूर असतात, त्याचा हा परिणाम. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणंदीत शिरलेल्या मोटारीचं काय होतं, हे नांदेड-लातूरकडच्या माणसाला सांगायला नको. टायरच्या खाचा चिखलाने भरतात, टायर घोटलेल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो, चाक जागच्या जागी फिरत राहतं आणि प्रत्येक फेऱ्यागणिक गाडी आणखी खाली बसते. मग ट्रॅक्टर शोधायला माणूस धाडायचा.

ज्या गावाला अजून पक्का रस्ता नाही, तिथे ही गोष्ट थट्टेची राहत नाही. अडलेल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्या माणसाला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. म्हणून चारही चाकांना जोर पोचवणाऱ्या छोट्या गाडीबद्दल बोलायचं, ते श्रीमंतांची हौस म्हणून नव्हे. कवी माणसाला गाडीतलं काय कळतं, असं मित्र विचारतात. माझ्याकडे बारा वर्षांपासून एक जुनी जिप्सी आहे. गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या शेजारी उकिडवं बसून जे पाहिलं, ऐकलं आणि हाताने करून पाहिलं, तेवढंच सांगतो.

आपल्याकडे ही जात आली ती जीपच्या रूपाने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करासाठी बनलेली ही गाडी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या माझगावात जोडली जाऊ लागली. जोडणारी कंपनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघाली, तेव्हा तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. फाळणीनंतर त्यातले भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. फाळणीच्या कितीतरी कहाण्या आपण ऐकतो. त्यातली एक अशी आपल्या जीपच्या नावपट्टीत दडलेली आहे. आमच्या लहानपणी ‘गावात जीप आली’ म्हणजे वसुली, पोलीस, निवडणूक किंवा डॉक्टर, यांपैकी काहीतरी आलं, एवढं पोरासोरांनाही कळायचं.

मात्र जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी चारही चाकांनी ओढत नाही. आपल्या रस्त्यांवर माणसं कोंबून धावणाऱ्या बहुतेक जीपगाड्या फक्त मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या होत्या. छोटी, हलकी आणि चारही चाकांची म्हणावी अशी गाडी आली ती डिसेंबर १९८५ मध्ये, मारुतीची जिप्सी. सुरुवातीचं इंजिन ९७० सीसीचं, वजन हजार किलोच्या आतबाहेर. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचं इंजिन मिळालं आणि ती ‘जिप्सी किंग’ झाली. सामान्य गिऱ्हाइकांसाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबली. तिची वारसदार पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली. ती साधारण बाराशे किलोची आहे. त्याआधी २०२० मध्ये महिंद्राची नवी थार आली होती.

आता हे काम कसं चालतं ते पाहू. जुन्या काळी काळ्या रानात लोखंडी नांगराला दोन बैल पुरत नसत, चार-सहा जुंपावे लागत. जास्त बैलांनी ओढ वाटून घेतली की एकावरच भार येत नाही आणि कुणाचा पाय घसरत नाही. गाडीचंही तसंच आहे. इंजिनची ताकद तेवढीच राहते, फक्त ती दोनऐवजी चार चाकांत वाटली जाते. मातीवरच्या प्रत्येक टायरची पकड मर्यादित असते. त्या मर्यादेपेक्षा जास्त जोर एका चाकावर आला की ते फिरू लागतं. चौघांनी मिळून ओढलं तर कुणालाच मर्यादा ओलांडावी लागत नाही.

यात दोन पद्धती आहेत आणि दुकानात त्यांची फार गल्लत होते. जिप्सी, जिम्नी, थार यांत चालकाने स्वतः दांडा टाकून पुढची चाकं जोडायची असतात. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे ज्याला ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हणतात त्यात, गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते आणि घसरण जाणवली की यंत्रणा आपणहून मागच्या चाकांकडे जोर पाठवते. २०१२ मध्ये आलेली डस्टर आणि २०२२ मध्ये आलेली ग्रँड विटारा यांच्या काही प्रकारांत ही सोय होती. निसरडा घाट, ओला मुरूम, कच्चा रस्ता यांसाठी दुसरी पद्धत सोयीची. गुडघाभर चिखल आणि दगडधोंड्यांसाठी पहिलीच खरी, कारण तिच्यात ‘लो’ नावाचा आणखी एक गिअर असतो. तो टाकला की वेग कमी होतो आणि ओढ वाढते. जिम्नीत ही वाढ साधारण दुप्पट आहे. माहूरच्या बाजूची दगडी चढण असो की ओढ्याची उभी दरड, पहिल्या गिअरमध्ये ‘लो’ टाकून गाडीला तिच्या चालीने चढू द्यावं. रेस मारून चढवायला जाऊ नये.

पण दांड्याच्या गाडीला एक पथ्य आहे. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून. मातीवर हा फरक चाकं थोडी घसरून भागवतात. कोरड्या डांबरावर चाकं घसरत नाहीत, मग सगळा ताण गिअर, शाफ्ट आणि त्यांच्या क्रॉसवर येतो. गाडी अडखळल्यासारखी वळते आणि दांडा अडकून बसतो. म्हणून डांबरी लागली की पुढची चाकं सोडायची. जुन्या जिप्सीत पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायच्या चकत्याही असतात. त्या चिखलात शिरण्यापूर्वी जोडायच्या, फसल्यावर नव्हे; कारण फसल्यावर त्या चिखलाखाली गेलेल्या असतात.

चारही चाकं जोडली तरी गाडी अडकू शकते, याचंही कारण समजून घ्यावं. एका आसावरच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. त्याचा तोटा असा की एक चाक चिखलात तरंगलं की सगळं फिरणं तिकडेच जातं आणि घट्ट जमिनीवरचं चाक स्वस्थ बसतं. नव्या गाड्यांत घसरणाऱ्या चाकाला संगणक आपोआप ब्रेक लावतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतो. जुन्या गाडीत फावडं, फळी आणि डोकं चालवावं लागतं. टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. सगळ्यात चांगला उपाय आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, तो म्हणजे वाफसा. जमीन वाफशावर आल्याशिवाय तो रानात औत घालत नाही. गाडीलाही, निकड नसेल तर, तोच नियम लावावा. ओल्या पाणंदीत गाडी घातली की आपल्यामागे हातभर खोल चाकोऱ्या उरतात आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची बैलगाडी त्यात अडकते.

देखभालीकडे वळू. साध्या गाडीपेक्षा इथे तेलाच्या जागा जास्त. इंजिन आणि गिअरबॉक्स तर आहेतच, शिवाय ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल आणि मागचं डिफरन्शियल. सर्व्हिसिंगला गाडी दिली की शेवटच्या तिन्हींचं तेल पाहिलं का, हे आपणहून विचारावं, कारण घाईत तेच राहून जातं. ओढ्यातून गाडी काढली असेल तर तेल थोडं काढून पाहावं. ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं, तर पाणी आत गेलं आहे. त्याच आठवड्यात बदलावं. पाणी आत कसं जातं? चालून तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. हवा जायला-यायला तिथे एक बारीक नळी असते. ती नळी वरपर्यंत वाढवून घेणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल.

चिखलातून आल्यावर गाडी वरून चमकवण्याआधी खालून धुवावी. काळी माती वाळली की विटेसारखी होते. ती ब्रेकजवळ आणि पाट्यांमध्ये बसते, ओल धरते आणि चासी गंजवते. शाफ्टचे क्रॉस आणि किंगपिन यांना वेळच्या वेळी ग्रीस मारावं. किंगपिनचे बेअरिंग झिजले की अशा सरळ आसाच्या गाड्यांचं स्टेअरिंग ठरावीक वेगाला जोरात थरथरू लागतं. तिथे टायर बदलून भागत नाही, दुखणं आत असतं. आणि महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर चारही चाकं जोडून चालवावी. वर्षभर न वापरलेला दांडा नेमका अडचणीच्या रात्री हलत नाही. चारही टायर एका मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, हेही तितकंच महत्त्वाचं.

जुनी गाडी घेणाऱ्याने रंग पाहू नये, चासीखाली आडवं व्हावं. गंज, वेल्डिंगचे डाग, तेलाची गळती पाहावी. कच्च्या रस्त्यावर नेऊन पुढची चाकं खरंच ओढतात का, ते तपासावं. इंजिन आणि चासीचे नंबर नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव जुन्या सुट्या भागांतून नव्या जीपा उभ्या करण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. कारागिरी देखणी, पण कागद पक्के नसतील तर ती गाडी दारातली शोभा होऊन बसते. पंधरा वर्षांनंतर तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्चही हिशेबात धरावा.

आता बदलांची हौस. आपली तरुण मुलं पहिल्यांदा मोठे टायर, मग उंची, मग लोखंडी गार्ड आणि छपरावर दिव्यांची रांग बसवतात. मोठा टायर बसला की गाडी उंच होते, पण इंजिनची ओढ कमी पडते, ब्रेकवर भार येतो आणि वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. उंच आणि अरुंद गाडी वळणावर लवकर उलटते. पुढचं लोखंडी गार्ड धडकेचा मार माणसांपर्यंत पोचवतं आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतं. म्हणून केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला बेकायदा बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीही हेच कारण पुढे करू शकते. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारखा बदल करून त्याची रीतसर नोंद घेता येते. बाकी हौस असेल तर चांगल्या खाचांचे कंपनीच्या मापाचे टायर, मजबूत ओढदोर, हवेचा छोटा पंप आणि फावडं एवढ्यावर खर्च करावा.

शेवटची गोष्ट पाण्याची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. चिखलात जो हलकेपणा गुण ठरतो, तोच पुरात वैरी होतो. हिशेब सोपा आहे. छोट्या गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटर धरा. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढलं की पाचशे किलोचा भार पाण्याने उचलला. आणखी दहा चढलं की हजार किलो, म्हणजे जवळजवळ अख्खी गाडी. मग टायर जमिनीला नुसते टेकलेले राहतात आणि चारही चाकं ओढती असली तरी ओढायला खाली काही उरत नाही. गाडी आधी तरंगते, प्रवाह तिला आडवी ढकलतो आणि पुलाचा काठ कुठे संपला हे गढूळ पाण्यात दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव भागात रात्रीतून पाणी शिरलं, माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या आपल्या नद्या वर्षातले कितीतरी महिने कोरड्या दिसतात, म्हणूनच त्या फसवतात.

आमच्या मिस्त्रींचं एक वाक्य आहे: ‘भाई, चार चक्के खींचते, रोकते नइं.’ ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतो. निसरड्या उतारावर तुमची गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा लवकर थांबत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागे घ्या, इंजिन बंद करा आणि पाणी उतरेपर्यंत थांबा. रोगी सोबत असेल तर दुसऱ्या वाटेची चौकशी करा, फोन करून पलीकडच्या तीरावर गाडी बोलवा, पण पाण्यात घालू नका. आणि गावाच्या ग्रामसभेत पाणंद रस्त्याचा विषय निघेल तेव्हा आवर्जून हजर राहा. आपल्या एका गाडीने चार माणसं पोचतील, रस्ता झाला तर सगळं गाव पोचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)