विश्लेषण : जवळपास दुप्पट मते मिळूनही विधेयक का पडले?

राज्यसभेत ५ सप्टेंबर १९७० रोजी एका विधेयकाच्या बाजूने १४९ आणि विरोधात ७५ मते पडली. तरीही ते नामंजूर झाले. माजी संस्थानिकांचे तनखे बंद करण्यासाठीची ती घटनादुरुस्ती होती. लोकशाहीत बहुमत अखेरचे मानले जाते, मग असे का घडले?

बहुमत किती प्रकारचे?

साध्या विधेयकाला मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदस्यांचा पाठिंबा पुरतो. घटनादुरुस्तीसाठी मात्र अनुच्छेद ३६८ नुसार दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक आणि मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. केंद्र-राज्य संबंधांच्या काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. जीएसटीच्या वेळी ती घ्यावी लागली होती. १९७० मध्ये मतदान करणारे होते २२४. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. म्हणजे १५० मते हवी होती, एक कमी पडले.

लोकशाही आणि प्रजासत्ताक एकच का?

नाही. लोकशाहीत राज्यकर्ते लोकांच्या मतांवर ठरतात. प्रजासत्ताकात राष्ट्रप्रमुखपद वारसाहक्काने मिळत नाही. ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, पण राजाही आहे. चीन प्रजासत्ताक म्हणवतो, पण तेथे सत्तेसाठी पक्षांची खुली स्पर्धा नाही. भारत लोकशाहीही आहे आणि प्रजासत्ताकही. प्रजासत्ताकाचा आणखी एक जुना अर्थ आहे: सत्ता कोणाच्याही मालकीची नाही, बहुमताच्याही नाही. तिला कायद्याची चौकट असते.

तनख्यांचे पुढे काय झाले?

विधेयक पडताच सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्द ठरवला. म्हणजे वारशाने आलेले विशेषाधिकार काही काळ वाचले, तेही प्रजासत्ताकाच्याच नियमांमुळे. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसने ३५२ जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे संपले.

मग विशेष बहुमत असले की काहीही बदलता येते?

तेही नाही. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध ६ अशा निकालाने राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, असे सांगितले. तनख्यांच्या प्रकरणात बहुमताची इच्छा अखेर पूर्ण झाली. पण आडवाटेने नव्हे, घटनेने आखलेल्या वाटेने.