१८०० ची हद्द

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा ओळखलं जातं ते जुन्या देवळांमुळे. तिथला एखादा मुलगा कामासाठी दुबईला गेला, तरी त्याचं बँक खातं बहुधा इकडचंच असतं. मध्यरात्री मोबाइलवर मेसेज येतो: खात्यातून पैसे गेले. व्यवहार त्याने केलेलाच नाही. घाईघाईने कार्ड उलटं करून तो मागचा १८०० चा नंबर +९१ लावून फिरवतो. फोन काही लागत नाही.

फोन बिघडलेला नसतो. टोल-फ्री म्हणजे फुकट नव्हे. बिल फोन करणाऱ्याऐवजी घेणाऱ्याच्या माथी पडतं, एवढंच. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६७ साली ८०० चे नंबर आणले, तेही याच हिशेबावर. शिवाय १८०० च्या मागे कुठलं गाव नसतं. ०२४५७ म्हटलं की जिंतूर. १८०० हे मात्र नुसतं टोपणनाव. ते कुठल्या खऱ्या नंबराकडे वळवायचं आणि बिल कुणाच्या नावावर टाकायचं, याची नोंद भारतातल्या टेलिफोन यंत्रणेकडे असते. दुबईतली कंपनी पैसे कुणाकडे मागणार? म्हणून असा कॉल सहसा पुढे जातच नाही.

उलट दिशेलाही तेच. दुबईतल्या भारतीयांसाठी मदतीचा नंबर आहे ८०० ४६३४२. कीपॅडवर शेवटच्या पाच आकड्यांतून ‘इंडिया’ची इंग्रजी अक्षरं जुळतात. कल्पना झकास, पण नंबर अमिरातीत राहणाऱ्यांसाठी. चारठाण्यातल्या आईवडिलांनी या नंबराच्या भरवशावर राहू नये. अमेरिकेचा ८०० नंबर इथून कधी लागतोही, पण आयएसडीचे पैसे कापून.

+८०० ने सुरू होणारे आंतरराष्ट्रीय टोल-फ्री नंबर आहेत. पुढे आठ आकडे. तेही कंपनीने ज्या देशांत सोय करून घेतली आहे, तिथूनच चालतात.

एरवी ही गैरसोय हसण्यावारी नेता आली असती. पण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला भुर्दंड बसत नाही. उशीर झाला, की जबाबदारी वाढत जाते. त्या घायकुतीत लोक इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधतात आणि नेमके भामट्यांनी पेरलेल्या नंबरावर जाऊन पडतात.

बँका साधे नंबरही देतात, फक्त ते कुणी वाचत नाही. स्टेट बँकेचा १८०० १२३४ सगळ्यांना पाठ. सोबतचा ०८०-२६५९९९९० मात्र फार थोड्यांना ठाऊक. परदेशातून तो +९१ ८० असा, सुरुवातीचं शून्य गाळून लावायचा. पैसे लागतील, पण फोन लागेल. विमानात बसण्याआधी आपल्या बँकेचा असा नंबर तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या आणि मोबाइलसोबत कागदावरही लिहून ठेवा.